साक्ष की कौल? : सैनिकांच्या युद्धविषयक मतांची पाहणी

सैनिकांना युद्धाविषयी काय वाटते, हे नागरिकांनी त्यांना विचारावे का, हा प्रश्न मुख्यतः लोकशाही राष्ट्रांत उद्भवतो. राजेशाहीत युद्धाचा निर्णय राजाचा असे आणि शिपायाच्या मताला राजाने विचारले तरच किंमत असे. लोकशाहीत निर्णय नागरिकांच्या प्रतिनिधींचा असतो, लढण्याचे काम मात्र थोड्यांच्याच वाट्याला येते. ठरवणारे आणि निभावणारे असे वेगळे झाले की विचारण्याची गरजही निर्माण होते आणि विचारण्यातला धोकाही. युद्ध कसे चालले आहे हे ज्याने डोळ्यांनी पाहिले तो सैनिकच असतो, म्हणून गरज. पण ज्याच्या हाती शस्त्र आहे त्याचे मत राजकारणात उतरले, तर मताबरोबर शस्त्राचे वजनही उतरते.

‘युद्धाविषयीचे मत’ या शब्दांत तीन वेगळ्या गोष्टी एकत्र आलेल्या असतात. पहिली म्हणजे अनुभव : शिधा पुरतो का, अधिकाऱ्यांवर विश्वास आहे का, रजा मिळते का, समोर काय दिसले. दुसरी म्हणजे धारणा : हे युद्ध न्याय्य आहे असे वाटते का. तिसरी म्हणजे निवड : युद्ध चालू ठेवावे की थांबवावे, कोणत्या पक्षाला निवडून द्यावे. अनुभवाच्या प्रश्नाला सैनिक साक्षीदार म्हणून उत्तर देतो, निवडीच्या प्रश्नाला कौल देणारा म्हणून. धारणेचा प्रश्न दोहोंच्या मध्ये पडतो आणि बहुतेक वाद त्याच्याभोवतीच होतात.

हे वाद समजून घेण्यासाठी जर्मनीतील फ्रँकफर्ट शहर सोयीचे आहे. प्रश्नावली आणि गटचर्चा यांच्या साहाय्याने माणसांची मते शोधण्याचे आणि त्या शोधाचीच चिकित्सा करण्याचे काम येथे विसाव्या शतकात झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याचे युरोपातील मुख्यालय येथेच होते. शिवाय हे शहर ज्या हेसेन राज्यात आहे, त्या राज्याने माहिती-संरक्षणाचा जगातील पहिला कायदा १९७० मध्ये केला.

धर्मविचार आणि तत्त्वज्ञान

सैनिकाच्या मताला नैतिक वजन किती, यावर ख्रिस्ती धर्मपंडितांनी दीर्घकाळ विचार केला. संत ऑगस्टीनच्या मते, अधर्मी राजाच्या हाताखाली लढणारा सज्जन शिपाईही आज्ञेनुसार लढताना निर्दोष राहू शकतो. त्याला दिलेली आज्ञा देवाच्या नियमाविरुद्ध आहे हे उघड नसेल, तर अपराध आज्ञा देणाऱ्याचा. सोळाव्या शतकात सालामांका येथील फ्रान्सिस्को दे व्हितोरिया याने १५३९ च्या युद्धाधिकारावरील व्याख्यानात हा विचार अधिक काटेकोर केला. युद्ध अन्याय्य आहे अशी ज्या प्रजाजनाची खात्री झाली आहे, त्याने राजाज्ञा असली तरी लढू नये. राजाच्या सल्लामसलतीत ज्यांना स्थान आहे त्यांनी युद्धाची कारणे तपासलीच पाहिजेत. सामान्य शिपायावर मात्र ती तपासण्याचे बंधन नाही, कारण त्याला दरबारात कोणी विचारत नाही आणि तपासून निष्पन्नही काही होणार नाही. अन्याय अगदी ढळढळीत असेल तर मात्र अज्ञानाची सबब चालणार नाही.

व्हितोरियाच्या या मांडणीचा एक परिणाम सहज नजरेतून सुटतो. सामान्य शिपाई दोषमुक्त आहे तो त्याला विचारले जात नाही म्हणून. मग कोणी प्रश्नावली घेऊन त्याच्यापुढे उभे राहिले आणि ‘हे युद्ध न्याय्य आहे का?’ असे विचारले, तर या दोषमुक्तीचा आधारच हलतो. ज्याने आजवर विचार केला नव्हता त्याला तो करावा लागतो आणि ‘नाही’ असे उत्तर दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी त्याच युद्धावर जायचे असते. पाहणी करणारा कागद गोळा करून निघून जातो, उत्तराचे ओझे उत्तर देणाऱ्याकडे राहते. म्हणून धारणेचा प्रश्न तापमान मोजण्याइतका तटस्थ नसतो. तो ज्याला विचारला जातो त्याची नैतिक स्थिती बदलू शकतो.

इमॅन्युएल कांटने १७८४ च्या ‘प्रबोधन म्हणजे काय’ या निबंधात लष्करी अधिकाऱ्याचेच उदाहरण घेतले आहे. सेवेत असताना मिळालेल्या आज्ञेवर त्याने मोठ्याने वाद घालत बसणे घातक ठरेल. मात्र विद्वान या नात्याने वाचकवर्गापुढे युद्धसेवेतील दोष मांडण्यापासून त्याला रोखता येणार नाही. पहिल्याला कांट बुद्धीचा खासगी वापर म्हणतो, दुसऱ्याला सार्वजनिक. आधुनिक पाहणी या दोहोंपैकी कशातच बसत नाही. तीत सैनिक आज्ञा पाळत नसतो, तसा आपल्या नावाने युक्तिवादही मांडत नसतो. तो एक खूण करतो आणि ती खूण हजारो खुणांत मिळून टक्केवारी बनते. कांटच्या अधिकाऱ्याला प्रत्युत्तर देता येते, टक्केवारीशी मात्र वाद घालता येत नाही. दुसरीकडे, लेख लिहिण्याची ऐपत आणि धाडस नसलेल्या जवानाला निनावीपणाच बोलते करतो.

भारतीय परंपरेत या प्रश्नाचे एक मार्मिक रूप भगवद्गीतेच्या रचनेत आहे. गीता सुरू होते ती एका न लढणाऱ्या माणसाच्या प्रश्नाने. रणांगणावर जमलेल्यांनी काय केले, असे धृतराष्ट्र संजयाला विचारतो. युद्ध थांबवण्याचा अधिकार असूनही ते न थांबवणारा राजा घरी बसून कृतीचा वृत्तांत मागतो, योद्ध्यांना काय वाटले हे तो विचारत नाही. उत्तरात मात्र त्याला अर्जुनाचा विषाद ऐकावा लागतो. अठरा अक्षौहिणींतील पायदळाला काय वाटत होते, हे तेथेही कोणी विचारलेले नाही.

फ्रँकफर्टमधील प्रयोग

फ्रँकफर्टची सामाजिक संशोधन संस्था १९२३ मध्ये विद्यापीठाशी संलग्न म्हणून स्थापन झाली. एरिक फ्रॉम यांच्या पुढाकाराने या संस्थेने १९२९ मध्ये जर्मन कामगार आणि नोकरदारांची मोठी पाहणी सुरू केली. २७१ प्रश्नांच्या सुमारे ३३०० प्रश्नावल्या वाटल्या गेल्या आणि सुमारे ११०० भरून परत आल्या. घरातील सजावटीपासून राजकारणापर्यंतच्या प्रश्नांत, नवे महायुद्ध कसे टाळता येईल, हाही प्रश्न होता. पर्यायांवर खूण न मागता स्वतःच्या शब्दांत उत्तर मागितले होते आणि संशोधक त्या शब्दांमागचा स्वभाव वाचू पाहत होते. माणूस पक्ष म्हणून जे बोलतो आणि मनातून जसा असतो, त्यांत अंतर असू शकते, हे या कामाचे गृहीतक होते.

मार्च १९३३ मध्ये नाझी पोलिसांनी संस्था बंद केली. संशोधक जिनिव्हामार्गे न्यूयॉर्कला गेले आणि स्थलांतरात बऱ्याच प्रश्नावल्या हरवल्या. विश्लेषणासाठी ५८४ उरल्या आणि निष्कर्ष १९८० मध्ये छापले गेले. पाहणीच्या नीतीचा एक कायमचा धडा या घटनाक्रमात आहे. प्रश्न एका राजवटीत विचारला जातो आणि उत्तराचा कागद दुसऱ्या राजवटीच्या हाती पडू शकतो. १९२९ मध्ये डाव्या पक्षाला पाठिंबा लिहून देणे धोक्याचे नव्हते, चार वर्षांनी होते. सैनिकांच्या बाबतीत हा धोका आणखी मोठा असतो, कारण त्यांच्या बढत्या, बदल्या आणि शिक्षा सरकारच्याच हाती असतात.

युद्धानंतर संस्थेचे संशोधक माक्स होर्कहायमर आणि थिओडोर आदोर्नो फ्रँकफर्टला परतले. १९५०-५१ च्या हिवाळ्यात संस्थेने ‘गटप्रयोग’ म्हणून ओळखले जाणारे काम केले. सुमारे १८०० जणांना लहान लहान गटांत बसवून, नावे उघड न करता, युद्ध, अपराध आणि लोकशाही यांवर बोलते करण्यात आले. चर्चेला तोंड फोडण्यासाठी परकीय सैन्यातील एका सैनिकाने मायदेशी धाडलेले पत्र ऐकवले जाई. त्यात जर्मनांचे कौतुक होते, तसा आपला अपराध न मानण्याच्या वृत्तीवर ठपकाही होता. पत्र संशोधकांनीच रचलेले होते. खऱ्या मतापर्यंत पोहोचण्यासाठी बनावट पत्र वापरावे का, ही शंका तेव्हापासून या पद्धतीला चिकटली आहे. सैनिकांच्या पाहणीत तर असे कृत्रिम निमित्त अधिकच अवघड ठरते. लष्करी जीवन कागदावरील शब्दाच्या खरेपणावर चालते. तेथे एकदा बनवाबनवी झाली की पुढच्या प्रत्येक प्रश्नकर्त्याकडे संशयाने पाहिले जाते.

१९५५ मध्ये फ्रीडरिश पोलॉक यांच्या संपादनाखाली हे काम प्रसिद्ध झाले. प्रस्तावनेत फ्रांत्स ब्योम यांनी जाहीर मत आणि न-जाहीर मत असा भेद केला : वर्तमानपत्रात जे छापले जाते ते एक, आगगाडीच्या डब्यात जे बोलले जाते ते दुसरे. मानसशास्त्रज्ञ पेटर होफश्टेटर यांनी १९५७ मध्ये या निष्कर्षांवर टीका केली. सामान्य माणसाकडून नाझी अत्याचारांसारख्या भीषण गोष्टीकडे सतत पाहत राहण्याची अपेक्षा करणे हेच अवाजवी आहे, असा त्यांचा रोख होता. ते स्वतः एकेकाळी वेअरमाख्टमध्ये, म्हणजे नाझी काळातील जर्मन सैन्यात, मानसशास्त्रज्ञ होते. आदोर्नो यांचे प्रत्युत्तर असे, की भीषणतेचे ओझे बळी पडलेल्यांनी वाहिले, ते दाखवून देणाऱ्या संशोधकावर दोष ढकलता येणार नाही. युद्धाविषयी विचारणे म्हणजे जखम उघडणे आहे, हे दोघांनाही मान्य होते. ती उघडण्याचा अधिकार कोणाला, यावर मतभेद होता.

या संस्थेत १९५० च्या दशकाच्या मध्यास आलेले समाजशास्त्रज्ञ लुडविग फॉन फ्रीडेबुर्ग स्वतः सैनिक होते. विशीत असतानाच जर्मन आरमारात पाणबुडीचे नेतृत्व त्यांच्याकडे आले होते. पुढे ते जनमत-संशोधक झाले, हेसेनचे शिक्षणमंत्री झाले आणि १९७५ पासून पाव शतक संस्थेचे संचालक राहिले. प्रश्न विचारणारा नागरिक आणि उत्तर देणारा सैनिक या दोन वेगळ्या जाती नाहीत. सक्तीच्या सेवेच्या काळात एकच माणूस आयुष्यात दोन्ही बाजूंना उभा राहिला आहे.

१९५५ मध्ये पश्चिम जर्मनीने बुंडेसवेअर ही नवी सेना उभारायला घेतली, तेव्हा सैनिकांना त्यांची मते विचारण्याचे काम कायद्यानेच एका समितीकडे सोपवले गेले. कर्नल आणि त्यावरील पदांसाठी अर्ज करणाऱ्या जुन्या अधिकाऱ्यांची पारख ३८ सदस्यांची ही समिती करत असे आणि २० जुलै १९४४ च्या हिटलरविरोधी कटाकडे उमेदवार कसा पाहतो, हे त्या पारखीत महत्त्वाचे होते. स्वयंसेवकांच्या निवडीबाबत फ्रँकफर्टच्या संस्थेचाही सल्ला घेतला गेला. ही पाहणी नव्हती, परीक्षा होती. उत्तर न देणाऱ्याला पद मिळणार नव्हते. तरीही ती समर्थनीय ठरते, कारण उमेदवाराला परीक्षेचा हेतू ठाऊक होता आणि अर्ज न करण्याचे स्वातंत्र्यही होते.

हेसेन राज्याने १९७० मध्ये फ्रँकफर्ट येथे स्थापन केलेल्या शांतता संशोधन संस्थेने या शतकाच्या पहिल्या दशकात ‘लोकशाही सैनिकाची प्रतिमा’ या विषयावर युरोपातील अनेक देशांचा तौलनिक अभ्यास केला. सरकारला सैनिक कसा हवा आहे आणि सैनिक स्वतःला कसा पाहतो, यांची ही तुलना होती. लष्कराबाहेरच्या, शांततेचाच अभ्यास करणाऱ्या संस्थेने सैनिकांना त्यांच्या कामाविषयी विचारणे शक्य आहे आणि त्यातून लष्कराला धोका पोहोचत नाही, याचे हे एक उदाहरण.

अमेरिकी सैन्य : बंदी, पाहणी आणि टक्केवारी

अमेरिकेत हा प्रश्न १९४१ मध्ये ऐरणीवर आला. ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या वार्ताहराने एका डिव्हिजनमधील सुमारे ४०० जवानांशी बोलून, सेवेची मुदत वाढवली तर निम्मे पळून जाण्याची भाषा करतात, असे छापले. प्रत्यक्षात असे काही घडले नाही. त्रासलेल्या माणसाचे बोलणे आणि त्याची पुढची कृती यांत किती अंतर असते, हे त्यावरून दिसले. अशा चाचण्यांनी शिस्त ढासळेल, या भीतीने युद्धखात्याचा त्यांना विरोध होता.

तरी पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ८ डिसेंबर १९४१ रोजी, सैन्याच्या स्वतःच्या संशोधन शाखेने पहिली पाहणी सुरू केली. सॅम्युअल स्टाउफर या नागरी समाजशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली युद्ध संपेपर्यंत पाच लाखांहून अधिक सैनिकांना विचारले गेले. प्रश्नावलीवर नाव नसे आणि अधिकाऱ्यांना खोलीबाहेर ठेवले जाई. १९४९-५० मध्ये चार खंडांत प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांतून ‘सापेक्ष वंचितता’ ही संकल्पना पुढे आली. बढत्या भराभर मिळणाऱ्या वायुदलात असमाधान अधिक होते, बढत्या क्वचितच मिळणाऱ्या लष्करी पोलिसांत कमी. कारण माणूस आपल्या वाट्याची तुलना शेजाऱ्याच्या वाट्याशी करतो.

या पाहण्यांचा सर्वांत ठोस उपयोग युद्धाच्या अखेरीस झाला. कोणाला आधी घरी सोडणे न्याय्य होईल, हे सैनिकांनाच विचारून गुणपद्धत ठरवली गेली : सेवेच्या प्रत्येक महिन्याला १ गुण, परदेशातील प्रत्येक महिन्याला आणखी १, प्रत्येक लढाई-चिन्हाला किंवा पदकाला ५ आणि तीन मुलांपर्यंत प्रत्येक मुलामागे १२. मे १९४५ मध्ये ८५ गुणांची रेषा ठरली. युद्ध चालवावे का, हे येथे विचारले गेले नव्हते. सैनिकांच्या आयुष्यातील न्यायाचा प्रश्न त्यांच्याच साक्षीने सोडवला गेला. पुढे परतीचा वेग मंदावला, तेव्हा जानेवारी १९४६ मध्ये अमेरिकी जवान फ्रँकफर्टच्या रस्त्यांवर उतरले आणि मुख्यालयावर चालून गेले. हे मुख्यालय ज्या आय. जी. फार्बन इमारतीत होते, तेथे आज गोएथे विद्यापीठ भरते. सैनिकांची मते ऐकण्याची वाट बंद किंवा अपुरी असली, तर ती नाहीशी होत नाहीत, दुसरी वाट शोधतात.

कौलाबाबत मात्र अमेरिकी कायदा कडक आहे. सैनिकाने कोणाला मत दिले किंवा देणार आहे, अशी चाचणी घेणे किंवा तिचे निकाल प्रसिद्ध करणे हा संघीय दंडसंहितेच्या १८ व्या शीर्षकातील ५९६ व्या कलमाखाली गुन्हा असून त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. या कलमातील ‘चाचणी’ची व्याख्या विचार करण्यासारखी आहे. आकडे जमवण्याच्या हेतूने केलेली आणि आपल्या शब्दांतून वा रचनेतून उत्तर देणे भाग आहे असे सुचवणारी विचारणा म्हणजे चाचणी. कायद्याने दोष ठेवला आहे तो अशा भाग पाडणाऱ्या विचारणेवर. जेथे वरून आलेला प्रत्येक शब्द आज्ञा असतो, तेथे साधा प्रश्नही आज्ञेसारखा ऐकू येतो.

युद्धाविषयी विचारणे या कलमाच्या कक्षेत येत नाही. २००६ च्या आरंभी ले मॉइन कॉलेज आणि झॉग्बी या जनमत-संस्थेने इराकमधील ९४४ अमेरिकी सैनिकांची पाहणी केली. ७२ टक्क्यांनी वर्षभरात सैन्य परत यावे असे म्हटले आणि वृत्तपत्रांनी तोच आकडा उचलला. त्याच पाहणीत ८५ टक्क्यांनी, ११ सप्टेंबरच्या हल्ल्यातील सद्दाम हुसेनच्या सहभागाचा बदला घेणे हा मोहिमेचा मुख्य हेतू आहे, असेही सांगितले होते. तसा सहभाग असल्याचा पुरावा नव्हता. दोन्ही आकडे एकत्र वाचले की साक्ष आणि कौल यांतला फरक उघड होतो. युद्धाच्या कारणांवरचा निवाडा म्हणून ८५ टक्क्यांचे मोल शून्य आहे. आपण कशासाठी लढत आहोत याविषयी सैनिकांचा काय समज झाला होता, याची साक्ष म्हणून मात्र त्या आकड्याइतका बोलका दुसरा पुरावा सापडणार नाही. दरबारात न बसणाऱ्या शिपायाला कारणे कळत नाहीत, हे व्हितोरियाचे निरीक्षण साडेचार शतकांनंतर आकड्यांत उतरले.

न विचारता ऐकणे

सैनिकांची मते जाणण्याचा दुसरा मार्ग चोरून ऐकण्याचा आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी लंडनच्या उत्तरेकडील ट्रेंट पार्क येथे जर्मन सेनाधिकाऱ्यांना कैदेत ठेवून त्यांच्या खोल्यांत ध्वनिग्राहक बसवले. युद्धकैद्याने आपली ओळख पटवण्यापुरतीच माहिती देणे बंधनकारक आहे आणि अधिक माहितीसाठी त्याच्यावर दबाव आणता येत नाही, असे १९२९ चा जिनिव्हा करार सांगत होता. भिंतीतील यंत्राने काहीच विचारले नव्हते, म्हणून नियम पाळल्यासारखा दिसला. ती टिपणे २००१ मध्ये इतिहासकार सोंके नाइट्झेल यांच्या हाती लागली. त्यांचे आणि हाराल्ड वेल्त्सर यांचे ‘सैनिक’ हे पुस्तक २०११ मध्ये फ्रँकफर्टच्या एस. फिशर प्रकाशनाने काढले. हत्येविषयी सैनिक आपसांत किती सहजपणे बोलत, हे त्यातून जगाला कळले. समोर बसून विचारलेल्या कोणत्याही प्रश्नावलीला असे उत्तर मिळाले नसते.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी शिपायांच्या बाबतीत हेच काम टपालाच्या तपासणीने केले. शिपायांची पत्रे अधिकारी उघडत, त्यांतील निवडक मजकूर भाषांतरित करून अहवालांत घालत आणि सैन्याची मनःस्थिती त्यावरून जोखत. पत्र तपासले जाते हे कळल्यावर शिपाई सूचक भाषेत लिहू लागले. इतिहासाला या अहवालांतून अमूल्य सामग्री मिळाली. पण शिपायाने जे घरच्यांना लिहिले होते ते सरकारने वाचले आणि त्याची संमती कोणी घेतली नाही.

या दोन उदाहरणांपुढे ठेवले तर उघडपणे केलेली पाहणी अधिक सभ्य ठरते. तिच्यात समोरच्याला कळते की आपल्याला विचारले जात आहे आणि खोटे बोलण्याचे वा गप्प बसण्याचे स्वातंत्र्य त्याच्याकडे राहते. उत्तर कमी खरे असेल, पण ते त्याने स्वतः दिलेले असते.

कायद्याची चौकट

जर्मन राज्यघटनेच्या १७-अ या कलमानुसार सैनिकाचे मतस्वातंत्र्य कायद्याने मर्यादित करता येते. मात्र १९५६ चा सैनिक कायदा आरंभीच्या कलमांतच सांगतो, की सैनिकाला इतर नागरिकांचेच हक्क आहेत आणि सेवेच्या गरजेपुरतीच त्यांवर मर्यादा येते. ड्यूटीवर असताना त्याने कोणत्याही राजकीय बाजूने वा तिच्याविरुद्ध काम करू नये, गणवेशात राजकीय सभेला जाऊ नये, वरिष्ठाने हाताखालच्यांवर आपले मत लादू नये, गोपनीय बाबी बाहेर सांगू नयेत, अशी बंधने आहेत. सहकाऱ्यांशी बोलताना स्वतःचे मत मांडण्याचा हक्क मात्र शाबूत आहे. गुन्हा ठरेल अशी आज्ञा पाळायची नाही, असेही हा कायदा सांगतो. जर्मन सेनाधिकारी वोल्फ ग्राफ फॉन बाउडिसिन यांनी मांडलेली ‘गणवेशातील नागरिक’ ही कल्पना या सगळ्यामागे आहे. आज्ञा पारखण्याची अपेक्षा ज्याच्याकडून कायदाच करतो, त्याला काय वाटते हे विचारणे अनुचित आहे असे म्हणता येत नाही.

२००५ मध्ये जर्मनीच्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने हा विचार कसोटीला लावला. आपले काम इराक युद्धाला हातभार लावू शकते, म्हणून एका मेजरने ते करण्यास नकार दिला होता आणि त्याच्या सद्सद्विवेकस्वातंत्र्याला न्यायालयाने संरक्षण दिले. लष्करप्रश्नांसाठी संसदेने नेमलेला आयुक्त हे त्याच चौकटीतले आणखी एक साधन. कोणताही सैनिक वरिष्ठांना वगळून थेट त्याच्याकडे तक्रार करू शकतो आणि दरवर्षी त्याचा अहवाल संसदेपुढे येतो. नागरी सत्तेने सैनिकांचे ऐकण्याची ही कायमची व्यवस्था आहे.

या चौकटीत नागरिकांचे सैनिकांविषयीचे बोलणेही येते. १९८४ मध्ये फ्रँकफर्टच्या एका शाळेतील चर्चेत एका डॉक्टरने, प्रत्येक सैनिक संभाव्य खुनी आहे, असे लष्कराच्या प्रतिनिधीसमोर म्हटले. शहराच्या जिल्हा न्यायालयाने १९८७ आणि पुन्हा १९८९ मध्ये त्याला निर्दोष ठरवले आणि देशभर गदारोळ उठला. अशा वाक्याचा सामना करणाऱ्याला स्वतःची बाजू मांडू देणे न्यायाचेच होते. लष्कराचे ‘युवा अधिकारी’ शाळाशाळांतून जातात ते याच कामासाठी. पण ते अधिकृत भूमिका समजावतात, सर्व सैनिकांची मते काय आहेत हे त्यांच्या बोलण्यातून कळत नाही.

माहितीच्या सुरक्षिततेचा विचार फ्रँकफर्ट विद्यापीठातील कायदेपंडित स्पिरोस सिमिटिस यांनी दृढ केला. ते १९७५ ते १९९१ या काळात हेसेनचे माहिती-संरक्षण आयुक्त होते. १९८३ मध्ये जनगणनेच्या खटल्यात संघीय घटना न्यायालयाने, स्वतःविषयीच्या माहितीचे काय व्हावे हे ठरवण्याचा हक्क व्यक्तीचा आहे, असा निर्णय दिला. सैनिकी पाहणीत याचा अर्थ केवळ नाव न विचारणे एवढा होत नाही. पद, वय, लिंग आणि तुकडी एवढे कळले तरी, दलात एकच महिला वैद्यकीय अधिकारी असेल, तर तिचे नाव न लिहिताही ती ओळखू येते.

भारतात चौकट अधिक आवळलेली आहे. राज्यघटनेचे कलम ३३ सशस्त्र दलांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार संसदेला देते. लष्कर अधिनियम, १९५० चे कलम २१ आणि १९५४ च्या लष्करी नियमांनुसार, राजकीय प्रश्नाविषयी किंवा सेवाविषयक बाबींविषयी सैनिकाला पूर्वपरवानगीशिवाय वृत्तपत्रांना काही कळवता येत नाही. म्हणून अशा पाहणीत प्रश्न विचारणाऱ्या नागरिकापेक्षा उत्तर देणारा जवान अडचणीत येण्याची शक्यता जास्त. निवृत्त सैनिकावर हे बंधन त्याच प्रकारे उरत नाही. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे मिलिटरीसारख्या, पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात माणसे पाठवणाऱ्या गावांत अनुभवाची साक्ष गोळा करायची, तर ती निवृत्तांकडूनच करणे सुरक्षित आणि न्याय्य ठरते.

आक्षेप आणि अटी

अशा पाहणीवर तीन मुख्य आक्षेप घेतले जातात. शिस्तीचा आक्षेप म्हणतो, की शंका मोजली की वाढते. स्टाउफरच्या साडेतीन वर्षांच्या कामाने सैन्य मोडले नाही, हे त्याला उत्तर आहे. मात्र चालू मोहिमेत, शत्रूच्याही कानी जाईल अशा रीतीने आकडे प्रसिद्ध करणे वेगळे, एवढे त्यात तथ्य आहे. नागरी वर्चस्वाचा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘सैनिकांनाच युद्ध हवे आहे’ किंवा ‘सैनिकांनाच नको आहे’ असे म्हणून राजकारणी आपली जबाबदारी त्यांच्या खांद्यावर टाकू शकतात. जर्मनीत सशस्त्र मोहिमेला संसदेची मंजुरी लागते, हे घटना न्यायालयाने १९९४ मध्ये ठरवले. दरबारात बसणाऱ्यांनी कारणे तपासावीत, या व्हितोरियाच्या अटीचे हे आजचे रूप आहे. दरबारी आता नागरिक आहेत आणि आपल्या वाट्याची तपासणी त्यांनी प्रश्नावलीतून शिपायाकडे सरकवणे अयोग्य आहे. तिसरा आक्षेप ज्ञानाचा. आदोर्नो आणि युर्गेन हाबरमास या दोघांनीही दाखवले, की सुट्या मतांची बेरीज म्हणजे लोकमत नव्हे. चर्चेतून घासून न निघालेले मत हे बहुधा ऐकलेल्याचा पडसाद असते आणि जेथे चर्चेचीच मुभा नाही अशा बराकीत तर विशेषच.

हे आक्षेप पाहणीला मनाई करत नाहीत, तिची वाट आखून देतात. अनुभवाचे प्रश्न नागरिकांनी विचारावेत. सैनिकांना ज्यांनी धाडले त्यांचे ते कर्तव्यही आहे, कारण साक्ष ऐकल्याविना पुढचा निर्णय आंधळा राहतो. धारणेचे प्रश्न विचारायचे तर सैनिकाला अनुभव सांगायला आणि ‘सांगायचे नाही’ म्हणायला सारखीच जागा हवी. अधिकारी खोलीत नसावा, उत्तरावरून माणूस ओळखता येऊ नये, कागद किती काळ आणि कोणाकडे राहील हे आधी सांगावे आणि पाहणीचा हेतू लपवू नये. मोहिमेवर निघालेल्या तुकडीला युद्धाच्या न्याय्यतेचा प्रश्न विचारणे टाळावे, कारण उत्तराप्रमाणे वागण्याची मुभा तिला त्या क्षणी नसते. जेथे सद्सद्विवेकाला नकाराचा कायदेशीर मार्ग आहे तेथे हा प्रश्न कमी क्रूर ठरतो, जेथे नाही तेथे तो निवृत्तीनंतर विचारलेला बरा. निवडीचे प्रश्न, म्हणजे मत कोणाला आणि युद्ध चालवावे की थांबवावे, सेवेतील सैनिकांच्या टक्केवारीने सोडवू नयेत. सैनिकालाही मतदानाचा हक्क आहे. तो इतरांप्रमाणे मतपेटीत बजावावा, तेथे त्याचे मत बंदुकीशिवाय मोजले जाते.

उत्तर प्रसिद्ध करतानाही हीच मर्यादा लागू होते. साक्ष म्हणून घेतलेले उत्तर कौल म्हणून छापले, तर विचारताना पाळलेल्या सगळ्या अटी वाया जातात. ज्या सैनिकाने आपण काय पाहिले ते सांगितले, त्याच्या तोंडी युद्धाचा निवाडा घातला जातो आणि तो निवाडा देण्याचे ज्यांचे काम होते ते नागरिक त्याच्या आड उभे राहतात.